सत्ताविसाव्या वर्षी आयटीआयत

ऑगस्ट २०१६ मध्ये मी शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे सगळे ज्याला आयटीआय म्हणतात तिथे, वेल्डर ट्रेडला प्रवेश घेतला, तेव्हा माझे वय सत्तावीस होते आणि वेल्डिंगचा रॉड धरायचा होल्डर हातात घेऊन मला नऊ वर्षे झाली होती. दहावीनंतर दीड-दोन वर्षे इकडेतिकडे काढून मी मामांच्या शेडमध्ये कामाला लागलो होतो. खिडक्यांच्या ग्रिल, गेट, पत्र्याच्या शेडचे सांगाडे आणि उसाचा हंगाम जवळ आला की ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांची दुरुस्ती, असे आमचे काम होते. पंचक्रोशीत माझ्या हाताला नाव होते. गेटवरची माझी बीड, म्हणजे जोडावर थिजलेल्या धातूची रेघ, पाहून लोक विचारत, हे कुणी केले आहे, आणि मामा अभिमानाने माझ्याकडे बोट दाखवत.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात जवळच्या एका साखर कारखान्यात बॉयलरच्या नळ्या बदलण्याचे काम निघाले. गाळप संपले की कारखान्यांत अशी दुरुस्तीची कामे सुरू होतात आणि बाहेरून ठेकेदार येतात. मीही गेलो. ठेकेदाराच्या फोरमनने माझा हात पाहण्याआधीच विचारले, "कागद आहे का?" बॉयलरच्या दाबाखालच्या भागांना कुणीही उठून वेल्डिंग करू शकत नाही, भारतीय बाष्पक विनियम, १९५० नुसार चाचणी उत्तीर्ण झालेलाच वेल्डर तिथे लागतो, हे मला तोपर्यंत ठाऊकच नव्हते. मला हेल्पर म्हणून ठेवले. ज्याच्या हाताखाली ठेवले तो मुलगा बावीस वर्षांचा होता आणि माझ्या तिप्पट रोज घेत होता. त्याला ग्राइंडर देणे, रॉड देणे, केबल ओढणे हे काम मी दोन महिने केले. राग आला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. फोरमन मात्र माणूस बरा होता. जाताना म्हणाला, "आधी आयटीआय कर, मग चाचणीला बस. तुझा हात वाईट नाही, पण तुला काय येत नाही हे तुला माहीत नाही." त्या वाक्याचा मला तेव्हा फक्त अपमान वाटला.

प्रवेशाची गोष्ट लवकर आटोपते. अर्ज ऑनलाइन होता, गुणवत्ता यादी दहावीच्या गुणांवर लागली, आणि गर्दी सगळी इलेक्ट्रिशियन आणि फिटरकडे असल्यामुळे माझ्यासारख्याला वेल्डरची जागा पहिल्याच फेरीत मिळाली. या ट्रेडला आठवी उत्तीर्ण असणे पुरते, मुदत एक वर्षाची, आणि वयाची खालची अट चौदा वर्षांची असली तरी वरची अट नाही. तुकडीत आम्ही वीस जण होतो. बाकीचे बहुतेक सतरा-अठरा वर्षांचे. त्यांनी पहिल्याच दिवशी मला "दादा" करून टाकले. वर्षभर रोजगार बुडणार होता म्हणून शनिवार संध्याकाळ आणि रविवार मामांच्या शेडमध्ये काढायचे ठरले, आणि एसटीचा पास काढून मी विद्यार्थी झालो.

पहिले काही आठवडे वेल्डिंग नव्हतेच. हॅक्सॉने पट्टी कापायची, कानसीने चौकोन काढायचा, गुण्याने काटकोन तपासायचा, स्क्राइबरने रेघ मारून पंच करायचा. मला वाटले, सरकारी खात्याचा वेळ घालवण्याचा प्रकार आहे. आमच्या शिल्पनिदेशकांना, ज्यांना आम्ही नुसते सर म्हणत असू, मी एकदा म्हणालो की मला थेट मशीनवर घ्या, माझी नऊ वर्षे झाली आहेत. त्यांनी माझा चौकोन उचलला, गुण्या लावून उजेडासमोर धरला आणि कडेखालून येणारी प्रकाशाची फट मला दाखवली. काही न बोलता कानस परत माझ्या हातात दिली.

गॅसचे काम सुरू झाले तेव्हा मात्र मी घाबरलो, आणि तेही मागच्या आठवणींनी. काळ्या रंगाचे ऑक्सिजनचे सिलिंडर आणि मरून रंगाचे ॲसिटिलीनचे सिलिंडर आमच्या शेडमध्येही होते. ॲसिटिलीनच्या जोडणीचे आटे उलटे असतात हे मला हाताने माहीत होते, पण ते का, तर चुकूनही एकाचा रेग्युलेटर दुसऱ्यावर बसू नये म्हणून, हे मी कधी विचारले नव्हते. ॲसिटिलीन सिलिंडरच्या आतल्या सच्छिद्र वस्तुमानात ॲसिटोनमध्ये विरघळवून भरलेले असते, म्हणून ते सिलिंडर उभेच ठेवायचे. आम्ही ते टेम्पोत आडवे टाकून आणत होतो आणि उतरवल्याबरोबर पेटवत होतो. आणि एके दिवशी सरांनी सांगितले की ऑक्सिजनच्या जोडणीला तेलाचे किंवा ग्रीसचे बोटसुद्धा लागता कामा नये, कारण दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल आपोआप पेट घेते. मामा रेग्युलेटरचा नट जड झाला की त्याला ग्रीस लावत. मी त्या संध्याकाळी एसटीतून उतरून घरी न जाता आधी शेडवर गेलो. मामा म्हणाले, "वीस वर्षे लावतोय, काही झालं नाही." मी वाद घातला नाही, नट आणि रेग्युलेटर दोन्ही बदलून आणले आणि पैसे माझ्या रोजातून वळते करायला सांगितले.

डोळ्यांचेही तसेच. आमच्या धंद्यात "वेल्डिंग लागणे" हा शब्द सगळ्यांना ठाऊक आहे. दिवसभर टॅक, म्हणजे तुकडे जागेवर धरणारे वेल्डिंगचे छोटे ठिपके, मारताना कोण काच सारखी वर-खाली करणार म्हणून मान वळवून, डोळे मिटून अंदाजाने टॅक मारायचा, आणि मग रात्री दोनच्या सुमाराला डोळ्यांत वाळू ओतल्यासारखे होऊन उठायचे. घरोघरी उपाय ठरलेले असतात: बटाट्याच्या चकत्या, नाही तर कच्च्या दुधाचे थेंब. बुबुळावरचा नाजूक थर अतिनील किरणांनी भाजलेला असतो, त्रास काही तासांनी सुरू होतो म्हणून कारण लक्षात येत नाही, आणि भाजलेल्या डोळ्यात कच्चे दूध घालणे म्हणजे जंतूंना आमंत्रण, हे मला आयटीआयत पहिल्यांदा कुणी समजावून सांगितले. तिथे दहा किंवा अकरा नंबरची काच असलेल्या शील्डशिवाय बूथमध्ये पाऊल टाकू देत नसत. सुरुवातीला त्या काळोखात मला प्लेटच दिसेना. महिनाभराने लक्षात आले की आतापर्यंत मी फक्त उजेड पाहत होतो, आणि या काचेतून पहिल्यांदा वितळलेल्या धातूचे डबके दिसते आहे.

नोव्हेंबरमधला एक दिवस मला तारखेसकट आठवत नाही, पण त्या दिवशी घातलेला शर्टसुद्धा आठवतो. टी जॉइंटचा जॉब होता: दहा मिलिमीटर जाडीची एक प्लेट आडवी, दुसरी तिच्यावर उभी, आणि कोपऱ्यात एकाच बाजूने फिलेट, म्हणजे कोपरा भरणारी वेल्ड. रोजचे रॉड मोजून मिळत आणि उरलेले तुकडे परत द्यावे लागत. पन्नास मिलिमीटरपेक्षा लांब तुकडा टाकला की सर तो हातात घेऊन सगळ्यांसमोर फिरवत. मी चार रॉडमध्ये जॉब पुरा केला. चिपिंग हॅमरने स्लॅगची, म्हणजे रॉडच्या लेपाच्या थिजलेल्या थराची, खपली काढली तेव्हा ती एकसंध सापाच्या कातेसारखी निघाली आणि खालची बीड अशी होती, की मुले बूथ सोडून बघायला आली. एक जण म्हणाला, "दादा, ही तर मशीनने मारल्यासारखी आहे." मी काही बोललो नाही, पण चेहऱ्यावर नक्की दिसत असणार.

सरांनी जॉब उचलला, वरून अंगठा फिरवला, आणि "छान आहे" म्हणाले. मग त्यांनी तो ऐरणीवर असा ठेवला की वेल्ड आतल्या बाजूला मुडपली जाईल, आणि एकाला घण मारायला सांगितले. तिसऱ्या घावाला उभी प्लेट मोडून पडली. वेल्ड तिच्याबरोबर सोलून निघाली होती. सरांनी दोन्ही तुकडे माझ्या हातात दिले. आत, कोपऱ्याच्या मुळाशी, उभ्या प्लेटची कड जशीच्या तशी होती; मी कानसीने मारलेल्या रेघासुद्धा तिच्यावर दिसत होत्या, आणि खालच्या प्लेटवर कारखान्यात प्लेट लाटताना आलेला निळसर काळा थर तसाच होता. माझी सुंदर बीड कोपऱ्यावर पुलासारखी बसली होती, खाली पोकळी ठेवून, आणि त्या पोकळीत मधूनमधून काचेसारखा स्लॅग अडकलेला होता.

"करंट किती होता?" सरांनी विचारले.

"नव्वद."

"एवढ्या जाड प्लेटला, या रॉडला?"

रॉड ३.१५ मिलिमीटरचा होता. त्यांनी तोच जॉब पुन्हा मांडला, करंट एकशेवीसवर नेला आणि आर्क, म्हणजे रॉडचे टोक आणि प्लेट यांच्यामधली विजेची ज्योत, इतका आखूड धरायला लावला, की रॉड प्लेटला टेकतो आहे असे वाटावे. माझा हात सारखा मागे येत होता. नऊ वर्षांत मी मुख्यतः पातळ चौकोनी पाइप जोडले होते, ज्यांना जास्त करंट दिला की भोक पडते. शिवाय गावात संध्याकाळी व्होल्टेज पडत असल्याने मशीनमधून मिळे त्यावर भागवायची सवय होती. कमी करंट, लांब आर्क आणि वर रुंद झुलवणे, ही माझी सगळी कला पातळ पत्र्यासाठी घडलेली होती आणि मी तीच ट्रॉल्यांच्या जाड लोखंडावर वापरत आलो होतो. वर्गातल्या ज्या मुलाने आयुष्यात कधी होल्डर धरला नव्हता त्याची फिलेट माझ्याआधी घणाला टिकली. अनुभव कामाला येतो असे सगळे म्हणतात. मला तरी त्या वर्षी तो बहुतेक वेळा आडवा आला.

ट्रॉल्यांचा विषय मनातून जाईना. एका ऊस वाहतूकदाराच्या ट्रॉलीचा ड्रॉबार, म्हणजे ट्रॅक्टरला जोडायची दांडी, दोन हंगामांत तीन वेळा आमच्याकडे तडा जाऊन आला होता आणि तिन्ही वेळा मी त्या तड्यावर एक जाड थर मारून दिला होता. शेवटी मामांनी तो भाग कापून नवा बसवला. जुना तुकडा भंगारात पडून होता. मी तो पिशवीत घालून आयटीआयत नेला. वजन बरेच होते आणि कंडक्टरने त्याचे लगेजचे तिकीट लावले. सरांनी माझे थर ग्राइंडरने उतरवायला लावले, पृष्ठभाग साफ करून त्यावर लाल रंगाचे द्रव फवारले, काही मिनिटांनी पुसून घेतले आणि वरून पांढरी पावडर मारली. डोळ्यांना दोन इंचांचा वाटणारा तडा पांढऱ्यावर लाल रेघ होऊन उमटत गेला, आणि सात इंचांवर जाऊन थांबला. दुरुस्ती करायची तर तड्याची दोन्ही टोके शोधून तिथे भोक पाडायचे, म्हणजे तो पुढे पळत नाही. मग पूर्ण खोलीपर्यंत व्ही आकाराची खाच काढायची आणि मुळापासून भरत यायचे. मी तीन वेळा जखम न धुता वरून पट्टी चिकटवली होती. त्या ट्रॉलीखाली कुणी सापडले नाही हा केवळ योगायोग म्हणायचा.

त्याच सुमाराला मी रॉडच्या पुड्यावरचे आकडे वाचायला शिकलो. ई ६०१३ आणि ई ७०१८ यांतले पहिले दोन आकडे वेल्डच्या ताणबळाचे असतात, साठ हजार आणि सत्तर हजार पौंड प्रति चौरस इंच. तिसरा आकडा कोणत्या स्थितीत वेल्डिंग करता येते त्याचा, आणि शेवटचा लेपाच्या प्रकाराचा. ७०१८ हा कमी हायड्रोजनचा रॉड आहे, म्हणून तो भट्टीत तीनशे ते साडेतीनशे अंशांवर भाजून, गरमच वापरायचा असतो. लेपात ओल राहिली तर तिच्यातला हायड्रोजन वेल्डमध्ये शिरतो आणि काम थंड झाल्यावर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, तडा जातो. आमच्या शेडमध्ये पावसाळ्यात रॉडचा पुडा खिडकीत उघडा पडलेला असे, आणि रॉड फारच ओला झाला तर आम्ही तो होल्डरमध्ये धरून प्लेटला चिकटवून लाल करत असू.

दुसऱ्या सत्रात व्ही-बट जॉइंट, म्हणजे दोन प्लेट कडेला कड लावून जोडणे, आले. दोन प्लेटच्या कडांना तीस-तीस अंशांचा उतार काढायचा, टोकाला दीड मिलिमीटरची कड सोडायची आणि मध्ये अडीच मिलिमीटरची फट ठेवायची. ही फट मोजायला सर अडीचच्या रॉडचा लेप झाडून टाकत आणि उघडी तार यूसारखी वाकवून दोन प्लेटच्या मध्ये ठेवत. टॅक मारला की तार ओढून काढायची. प्लेट उभी करून खालून वर भरत जाताना, म्हणजे थ्री-जीमध्ये, आर्कच्या पुढे किल्लीच्या भोकासारखे छोटे भोक सतत दिसत राहिले पाहिजे. ते बुजले तर मूळ भरत नाही, मोठे झाले तर धातू गळतो. कानसीच्या दिवसांचा अर्थ मला इथे लागला. उतार वाकडा असला की फट एकीकडे दोन आणि दुसरीकडे चार मिलिमीटर होते, आणि मग हात कितीही चांगला असला तरी भोक सांभाळता येत नाही.

उणिवाही होत्या. सीओ-टू वेल्डिंगची, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणात करायच्या वेल्डिंगची, दोन मशीन होती, त्यांतले एक वर्षभर दुरुस्तीच्या प्रतीक्षेत राहिले. टिग, म्हणजे आरगॉन वायूच्या आवरणात टंगस्टनच्या टोकाने करायचे वेल्डिंग, शिकवले, पण आरगॉनचे सिलिंडर संपले की नवे यायला इतका काळ लागे, की वीस जणांत माझ्या वाट्याला सगळे मिळून पाच-सहा तास आले असतील. ड्रॉइंगचा तास मुले झोपून काढत. मला मात्र तो आवडू लागला होता, कारण बाणाच्या टोकावरचा छोटा त्रिकोण आणि त्याच्या शेजारचा आकडा पाहून फिलेटचा पाय, म्हणजे प्लेटवरची तिची रुंदी, किती मिलिमीटरचा हवा हे कळणे, म्हणजे दुसऱ्याच्या डोक्यातले काम न विचारता समजणे होते.

जुलै २०१७ मध्ये परीक्षा झाली आणि शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली मला प्रेशर व्हेसल, म्हणजे आत दाब असणाऱ्या टाक्या, बनवणाऱ्या एका कारखान्यात वर्षभरासाठी घेतले. पहिले तीन आठवडे मला ग्राइंडर आणि कानस दिली: उतार काढायचे काम. माझ्याबरोबरचा दुसरा उमेदवार रोज कुरकुरत असे, मी माझी वाकवलेली तार खिशात बाळगत असे.

उमेदवारी संपताना सिक्स-जीची चाचणी देण्याची संधी मिळाली. यात पाइप पंचेचाळीस अंशांत तिरका बांधलेला असतो आणि तो फिरवता येत नाही, त्यामुळे एकाच जोडात सपाट, उभे, आडवे आणि डोक्यावरचे असे सगळेच वेल्डिंग येते; माणसाने स्वतःच पाइपभोवती फिरायचे. मुळाचा थर टिगने, वरचे ७०१८ ने. मग जोडातून पट्ट्या कापतात, वरचा उंचवटा घासून सपाट करतात आणि प्रेसमध्ये यू होईपर्यंत वाकवतात, दोन मुळाच्या बाजूने आणि दोन वरच्या बाजूने. कारखान्यात चाचणी अमेरिकेतील यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेच्या, म्हणजे एएसएमईच्या, संहितेच्या नवव्या भागाप्रमाणे होती, तिच्यात तीन मिलिमीटरपेक्षा मोठी फट उघडली की नापास. माझ्या तीन पट्ट्या स्वच्छ वाकल्या. चौथी, मुळाची, बरोबर तिथे चार मिलिमीटर उघडली, जिथे मी थांबून फिलर वायर, म्हणजे जोडात वितळवून भरायची तार, बदलली होती आणि पुन्हा सुरुवात करताना आधीचे टोक घासले नव्हते. एक मिलिमीटर. निरीक्षकाने व्हर्नियर माझ्याकडे देऊन मलाच मोजायला लावले.

दीड महिन्याने पुन्हा बसलो. त्या दीड महिन्यात जेवणाच्या सुटीत मी फक्त थांबे आणि सुरुवाती केल्या. अख्खा जोड एकदाही नाही. या वेळी चारही पट्ट्या वाकल्या. बॉयलरच्या कामाची चाचणी त्यानंतर वर्षाच्या आत झाली, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याच साखर कारखान्यात मी नळ्यांच्या कामावर गेलो. फोरमन बदललेला होता.

पास झालेल्या चारपैकी एक पट्टी मी मागून घेतली होती. यूसारखी वाकलेली, मधोमध वेल्डचा भाग किंचित वेगळा चमकणारा, बाहेरच्या बाजूने एक रेघही नसलेली. मामांना दाखवली. त्यांनी ती बराच वेळ उलटीसुलटी केली, नख फिरवून पाहिले, आणि "आत काही नाही म्हणतोस?" असे दोनदा विचारले. पुढच्या रविवारी शेडवर गेलो तर ती पट्टी खांबाला जोडलेली होती आणि तिच्यात शील्ड अडकवलेली होती. टॅक मामांनी स्वतः मारला होता, एकाच बाजूने, कमी करंटवर.